घरातली हवा मोजायची कशी आणि सुधारायची कशी: अगदी पहिल्यापासून

बाहेरची हवा खराब आहे हे आता सगळ्यांनाच माहितीये, मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक, दिसतो, बातम्यांमधे धुरकट मुंबई दिसते आणि आपण खिडक्या लावून घेतो. पण लावलेल्या खिडकीच्या आत काय चाललंय ते कोणी बघतच नाही. आपण दिवसातले बहुतेक तास घरात असतो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर जवळजवळ पूर्ण दिवस, आणि घराचा स्वतःचा धूर असतोच की: फोडणी, उदबत्ती, कॉइल, शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल तर ती धूळ, पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी. आमच्या घरी आईला दमा आहे आणि बिल्डिंग ठाण्यात अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे या विषयात मला पडावंच लागलं. इथे जे लिहितेय ते आपल्याकडचा नेहमीचा वन किंवा टू बीएचके फ्लॅट समोर ठेवून.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम चुकवू नका. आधी मोजा, मग घाण जिथून येते ते बंद करा किंवा कमी करा, मग हवा खेळती करा, आणि प्युरिफायर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक थेट प्युरिफायर घेऊन येतात, तो कोपऱ्यात लावतात, आणि त्याच खोलीत रात्रभर कॉइल जळत असते.

मोजायच्या आधी, आजच बघायची गोष्ट

घरात गॅस गिझर आहे का? तो बाथरूमच्या आत आहे का? असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी हे करा. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोराने चिकटतो. चार बाय सहाच्या बाथरूममधे दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकीच्या काचाही बंद, आणि गिझर चालू, एवढं पुरतं. दर हिवाळ्यात आपल्याकडे अशा मृत्यूच्या बातम्या येतात आणि त्यात तरुण धडधाकट माणसं असतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या जागेत लावून घ्या, पाइप आत आणा. ते होईपर्यंत गिझरवर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळीला जायचं. ज्योत निळी हवी, पिवळी-नारिंगी दिसली तर मेकॅनिकला बोलवा. आंघोळीत डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं हे "वाफेमुळे झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका, लगेच दार उघडून बाहेर या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं हेही तितकंच जिवावरचं आहे.

हवेच्या साध्या मीटरमधे कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर बहुतेक वेळा नसतो, त्याचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. गॅस गळतीचा डिटेक्टर हाही वेगळाच, आणि तो लावताना एक लक्षात ठेवा: सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ, पाइपचा गॅस हलका म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ. उलटं लावलंत तर असून नसल्यासारखा.

मोजायचं काय

बाजारातल्या मीटरवर सात-आठ आकडे नाचत असतात, तुम्हाला त्यातले तीनच हवेत.

पहिला पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. हे नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हा आकडा मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमधे असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे मर्यादा कडक केल्या, वर्षाची सरासरी ५ आणि चोवीस तासांची १५. आपल्या देशाचं मानक २००९ चं, त्यात वर्षाचे ४० आणि चोवीस तासांचे ६०. आपल्या शहरात ५ गाठायचं स्वप्न बघू नका, पण घरात दिवसाची सरासरी ३० च्या खाली ठेवणं बऱ्याच घरांना जमण्यासारखं आहे, आणि झोपायच्या खोलीत १५ च्या खाली आणता आलं तर उत्तम.

इथे एक गोंधळ हमखास होतो. पीएम २.५ चा आकडा आणि एक्यूआय एकच नाही. आणि एक्यूआयही देशादेशाचा वेगळा. समजा हवेत पीएम २.५ साठ आहे. आपल्या भारतीय पद्धतीने तो एक्यूआय १०० होतो, म्हणजे "समाधानकारक". तीच हवा अमेरिकन पद्धतीने मोजली तर एक्यूआय दीडशेच्या वर, म्हणजे लाल रंगात. बरेच मीटर आणि मोबाईलमधली हवामानाची अॅप्स अमेरिकन आकडा दाखवतात, केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर अॅप आणि पुण्याच्या आयआयटीएमचं सफर भारतीय दाखवतात, मग लोक दोन स्क्रीन शेजारी धरून म्हणतात की एक खोटं बोलतंय. दोन्ही खरंच बोलत असतात. म्हणून मीटरच्या सेटिंगमधे जाऊन एक्यूआय बंद करा आणि थेट मायक्रोग्रॅम बघायची सवय लावा.

दुसरा आकडा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. घरात जेवढा असतो तेवढा सीओटू काही विष नाही, पण खोलीत किती शिळी, लोकांनी श्वासातून सोडलेली हवा कोंडलीये ते तो सांगतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) असतो. घरात १००० च्या खाली असेल तर हवा बरी खेळतेय, पंधराशे-दोन हजार झाला की डोकं जड, जांभया, आणि घरात कोणाला सर्दी-फ्लू असेल तर तो बाकीच्यांना व्हायची शक्यताही वाढलेली.

तिसरा आकडा आर्द्रता. ४० ते ६० टक्के छान, सतत ७० च्या वर म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बाकी टीव्हीओसी (हवेत उडणाऱ्या रसायनांची एकूण बेरीज) नावाचा जो आकडा दिसतो तो दोन घरांत ताडून बघण्यासारखा नसतो. डिओ मारला, कांदा चिरला, सॅनिटायझर लावलं की तो उडी मारतो. कालच्यापेक्षा आज जास्त का, एवढ्यापुरता वापरा. आणि स्वस्त मीटरवरच्या फॉर्मल्डिहाइडच्या (प्लायवूडच्या गोंदातून सुटणारा वायू) आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करा, तो सेन्सर दारूच्या वाफेलाही फॉर्मल्डिहाइडच म्हणतो.

मीटर घेताना

पीएम २.५ साठी लेझरवाला सेन्सर हवा. प्लॅनटॉवर किंवा सेन्सिरियनचा सेन्सर आत आहे असं लिहिलेलं असेल तर बरं. सीओटूसाठी एनडीआयआर किंवा फोटोअकूस्टिक हे शब्द शोधा. हजार-बाराशे रुपयात सगळं दाखवणारे जे मीटर मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत सीओटूचा सेन्सरच नसतो, ते वासाच्या सेन्सरवरून अंदाजे आकडा बनवतात.

पकडायची सोपी युक्ती आहे. मीटरजवळ सॅनिटायझर लावलेला हात धरा. सीओटूचा आकडा झपकन वर गेला तर तो सेन्सर सीओटू मोजतच नाहीये, परत करा. खरा मीटर बाल्कनीत पंधरा-वीस मिनिटं ठेवलात की ४०० ते ४८० च्या आसपास येऊन टेकतो, आणि त्यावर फुंकर मारली की चांगला काही हजारात जातो. पीएमचा सेन्सर तपासायचा तर कोणाकडे प्युरिफायर असेल त्याच्या वरच्या जाळीसमोर धरा, आकडा शून्याजवळ यायला पाहिजे, आणि विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा धूर दाखवला की काही सेकंदात उसळायला पाहिजे.

ज्यांना सोल्डरिंगची आवड आहे त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चक्कर मारावी, नाहीतर ऑनलाइन सेन्सर मागवून ईएसपी३२ बोर्डवर स्वतः बनवावा, एअरग्रेडियंटसारखे ओपन सोर्स आराखडे फुकट उपलब्ध आहेत. कॉलेजमधल्या मुलांसाठी हा फार चांगला प्रोजेक्ट आहे, मनापासून सांगते.

मीटर ठेवायचा कुठे? बसल्यावर नाक जिथे येतं त्या उंचीला, म्हणजे तीन-चार फुटांवर. खिडकीत नको, एसीच्या झोतात नको, गॅसच्या ओट्यावर नको, आणि उशीशेजारीही नको, कारण मग तो खोलीची हवा सोडून तुमचाच श्वास मोजत बसतो. सीओटूचे बरेच मीटर आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा त्याला उघड्या खिडकीत अर्धा तास ठेवत जा.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

मीटर आला की लगेच खिडक्या-दारं करायला लागू नका. आठवडाभर घर नेहमीसारखंच चालू दे, फक्त बघा आणि लिहा. कॅलेंडरच्या चौकटीत दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहिलंत तरी चालेल: उठल्यावर किती, स्वयंपाक चालू असताना किती, झाडून काढताना, पूजेनंतर, रात्री झोपताना, पहाटे. अॅपमधे आलेख येत असेल तर सोन्याहून पिवळं. एका आठवड्यात तुमच्या घराचं वेळापत्रक तुम्हाला कळतं, आणि ते शेजारच्या घरापेक्षा वेगळं असतं. एकाच बिल्डिंगमधे रस्त्याकडच्या फ्लॅटला ट्रॅफिकचा त्रास आणि मागच्या फ्लॅटला खालच्या बेकरीचा, असं होऊ शकतं. समीर किंवा सफरवर जवळच्या स्टेशनचा आकडा त्याच वेळी बघून शेजारी लिहा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा सतत जास्त असेल तर दोष घरात आहे, आत-बाहेर सारखंच चढत-उतरत असेल तर हवा बाहेरून येतेय. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

स्वयंपाकघर

बहुतेक घरांत सगळ्यात मोठा डोंगर इथेच दिसतो. सकाळी सगळं शांत, पंचवीस-तीस. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, लाल मिरची आणि हिंग पडलं की घरभर ठसका आणि मीटर दोन-तीन मिनिटांत दोनशेच्या पुढे. पोळ्या भाजताना पीठ जळतं त्याचाही वेगळा चढ दिसतो, तव्यावर सांडलेलं कोरडं पीठ प्रत्येक पोळीनंतर फडक्याने पुसून घेतलं तर फरक पडतो. मासे तळणं, वडे-भजी, खोबरं-कांदा भाजून वाटण करणं हे तर विचारूच नका. त्यात गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही येतो, तो आपल्या मीटरला दिसत नाही पण दम्याच्या माणसाला जाणवतो.

चिमणी असेल तर आधी हे बघा की तिचा पाइप खरंच बाहेर जातो का. बिनपाइपची चिमणी हवा कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडते, तेलकटपणा थोडा कमी होतो, बाकी सगळं घरातच. पाइप असेल तर तो आखूड आणि कमीत कमी वळणांचा हवा, पीओपीच्या वरून तीन कोपरे फिरवून नेलेल्या पाइपमधे कंपनीने सांगितलेला जोर कधीच मिळत नाही. चिमणी फोडणीच्या आधी दोन मिनिटं चालू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. शेवटचं हे कोणी करत नाही, आवाज नको म्हणून लगेच बंद करतात, आणि नेमकं तेव्हाच ओट्यावर तरंगणारं सगळं हॉलमधे सरकतं. जास्त धुराचं काम मागच्या शेगडीवर करा, चिमणीची पकड तिथे चांगली असते.

चिमणी नसेल तर साधा एक्झॉस्ट फॅनही फार काम करतो, तो जाळ्या-तेलाने माखलेला नसेल तर. आणि चिमणी असो वा फॅन, बाहेर हवा फेकायची तर कुठून तरी ताजी आत यायला हवी ना, म्हणून दुसऱ्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. स्वयंपाकघराच्या अगदी शेजारची नको, पलीकडच्या खोलीतली, म्हणजे हवा घरातून वाहत ओट्याकडे जाते आणि तिथून बाहेर. हा प्रवाह एकदा जमला की फोडणीचा डोंगर निम्म्यावर येताना मीटरवर दिसतो. स्वयंपाकघराला दार असेल तर ते तळणीच्या वेळी ओढून घ्या, ओपन किचन असेल तर फॅनवरच सगळी भिस्त.

पंखा फुल ठेवून स्वयंपाक करू नका, उकाडा आहे हे मान्य, पण तो धूर चिमणीकडे जाऊच देत नाही.

गावाकडे चूल असेल तर हा सगळा हिशोब कितीतरी पट मोठा होतो. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सिलेंडर घरात आहे पण भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवरच, असं अजून खूप घरांत चालतं. निदान पाणी तापवायची चूल पडवीत किंवा परसात हलवा, सरपण वाळलेलं वापरा, आणि तान्हं बाळ मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

उदबत्ती, धूप आणि कॉइल

पूजा बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही, आमच्याकडेही रोज होते. पण तीन उदबत्त्यांच्या जागी एक लावा, देवघराजवळची खिडकी उघडी ठेवा, अर्धी झाल्यावर विझवली तरी चालते. धुपाचे कोन सगळ्यात जास्त धूर सोडतात, ते सणावारी. तेला-तुपाच्या निरांजनाचा आकडा यांच्या तुलनेत खूपच कमी येतो, विझवताना फुंकर मारली की मात्र वात धुमसते तेवढाच चढ. दमेकरी घरात असेल तर आरतीच्या वेळी त्याला उघड्या खिडकीजवळ बसवा.

कॉइलबद्दल मात्र स्पष्ट सांगते, घरातून काढून टाका. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारा पीएम २.५ हा ७५ ते १३७ सिगरेटींइतका भरला होता. आणि ती आपण कुठे लावतो, तर झोपायच्या खोलीत, पलंगाखाली, दार-खिडक्या लावून, रात्रभर. खिडक्यांना जाळ्या बसवा, मच्छरदाणी लावा, संध्याकाळी दिवेलागणीच्या तासात खिडक्या लावून घ्या. प्लगमधे लावायच्या लिक्विडमधून धूर येत नाही, पण तेही कीटकनाशकच आहे, खोली पूर्ण बंद करून तान्ह्या बाळाशेजारी लावू नका.

झोपायची खोली

दोन माणसं, दहा बाय बाराची खोली, एसी चालू, सगळं बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवत राहतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अशा खोलीत सीओटू तासाला काहीशे पीपीएमने चढत जातो आणि पहाटेपर्यंत दोन हजारांच्या पुढे सहज. मूलही बरोबर झोपत असेल तर अजून जास्त. सकाळी आठ तास झोपूनही डोकं जड असेल तर आधी हा आकडा बघा.

उपाय फुकटचा आहे. खोलीचं दार हॉलकडे थोडं उघडं ठेवा, किंवा स्लायडिंग खिडकीला दोन बोटं फट ठेवा. एसीचं बिल किंचित वाढेल, पण सीओटू बारा-तेराशेच्या आसपास थांबेल.

तुमची खोली किती "श्वास घेते" ते मोजताही येतं. सकाळी उठून सगळे खोलीबाहेर पडलात की आकडा बघा, समजा १६२०. बाहेरच्या ४२० पेक्षा तो १२०० ने जास्त. आता हे १२०० चे ६०० व्हायला, म्हणजे मीटर १०२० वर यायला किती वेळ लागतो ते बघा. अर्धा तास लागला तर तासाला साधारण दीड वेळा हवा बदलतेय, दहा मिनिटांत झालं तर चार वेळा. हे एकदा खिडकी बंद ठेवून आणि एकदा उघडून करा, कोणती खिडकी उपयोगाची आणि कोणती नुसती शोभेची ते लगेच कळतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या थोड्या उघडणं हे एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त काम करतं.

खिडकी कधी उघडायची

उठल्या उठल्या खिडक्या उघडायच्या ही आपली जुनी सवय, आणि पावसाळा-उन्हाळ्यात ती चांगलीच आहे. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिशोब फिरतो. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार होऊन बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि रात्रभराचा धूर-धूळ त्याखालीच अडकतो. मुंबई-ठाण्यात त्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो, दुपारी समुद्राचा वारा सुटला की जरा मोकळं होतं. पुण्यातही हिवाळ्यात पहाटेचं धुकं म्हणून जे दिसतं त्यात बराच धूर असतो. म्हणून हिवाळ्यात बाराच्या पुढे पाचपर्यंत घर उघडा, सकाळी-रात्री कमी. फक्त माझ्यावर विश्वास ठेवू नका, सफरचा तासातासाचा आकडा आणि तुमचा मीटर बघून स्वतःची वेळ ठरवा, कारण समोर आरएमसी प्लांट (तयार काँक्रीटचा कारखाना) किंवा हायवे असेल तर नियम वेगळा. दिवाळीत फटाक्यांच्या चार-पाच तासांत सगळं बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायचं.

सीओटू वाढलाय आणि बाहेर पीएमही वाईट आहे, अशी कोंडी झाली तर पाच-दहा मिनिटं आरपार उघडून परत बंद करायचं आणि मग प्युरिफायरला काम द्यायचं.

पावसाळा आणि ओल

पावसाळ्यात पीएमचा मीटर कधीकधी उगाच जास्त दाखवतो, कण पाणी शोषून फुगतात आणि लेझरला ते मोठे दिसतात, आर्द्रता ८० च्या वर असेल तर घाबरू नका. खरी चिंता बुरशीची. कपाटाच्या मागची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीच्या खालचा कोपरा, इथे हात फिरवून बघा. ओल बाहेरून झिरपत असेल तर आतून कितीही रंग मारा, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटणारच, आधी बाहेरची भेग किंवा वरच्या मजल्याची गळती बंद व्हायला हवी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे आत वाळत घालायची वेळ आली तर झोपायच्या खोलीत नको, एका खोलीत पंखा लावून. एसीचा ड्राय मोड याच दिवसांसाठी आहे. आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅफ्थलीन, तान्ह्या बाळाच्या कपड्यात कधीच ठेवू नका, जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्याने फुटतात.

नवा रंग आणि नवीन फर्निचर याबद्दल थोडक्यात: गणपतीच्या आदल्या आठवड्यात रंग लावून लगेच त्यात झोपू नका, निदान वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. प्लायवूड घेताना ई१ किंवा ई० ग्रेड, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारं, विचारा, कापलेल्या कडा एजबँडने बंद करून घ्या, फॉर्मल्डिहाइड तिथूनच जास्त सुटतो.

आता प्युरिफायर

वरचं सगळं करूनही झोपायच्या खोलीत आकडा तीस-चाळीसच्या वर राहत असेल, किंवा घरात दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), तान्हं बाळ असेल, तर जरूर घ्या. बघायचा एकच आकडा, सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो. दहा बाय बारा खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे ११४० घनफूट, साधारण ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा स्वच्छ व्हावी असं धरलं तर ३२ गुणिले ५, १६० सीएडीआर. पण हा आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडच्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून अडीचशे-तीनशेचा घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. फिल्टर खरा हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडकवणारा, हवा, एच१३ लिहिलेला चांगला. "हेपा टाइप" म्हणजे हेपा नव्हे. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) असेल तर तो बंद ठेवा, ओझोन सोडणारं मशीन तर घेऊच नका, ओझोनने दमा वाढतो. फिल्टरची किंमत आणि तो तुमच्या शहरात मिळतो का हे मशीन घ्यायच्या आधी विचारा.

चालवताना खिडक्या बंद, मशीन भिंतीपासून फूटभर पुढे. तो कण पकडतो, सीओटू किंवा कार्बन मोनॉक्साइड नाही, हे विसरू नका. दम्याचा पंप, औषधं याच्यामुळे बंद करायची नाहीत, ते डॉक्टर ठरवतील.

झाडांबद्दल नेहमी विचारतात. स्नेक प्लांट, मनी प्लांट जरूर ठेवा, घर छान दिसतं. पण नासाचा १९८९ चा जो अभ्यास सगळीकडे फिरतो तो छोट्या बंद पेट्यांमधे केलेला होता. नंतर संशोधकांनी हिशोब मांडला तर उघड्या खिडकीइतका परिणाम यायला फरशीच्या दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. म्हणजे आपल्या त्याच दहा बाय बाराच्या खोलीत शंभराच्या वर कुंड्या.

नंतरची देखभाल

केर काढायचा तर आधी फडकं ओलं करून जमीन पुसा किंवा हेपावाला व्हॅक्यूम वापरा, कोरड्या झाडूने धूळ उडून तास-दीड तास हवेत राहते. पंख्याची पाती ओल्या फडक्याने. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, गाद्या उन्हात. खिडकीच्या जाळ्या महिन्यातून एकदा ब्रशने धुवा, काळ्या झालेल्या जाळीतून वाराच येत नाही. चिमणीच्या जाळ्या पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि सोड्यात. प्युरिफायरची बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी झटका, आतला हेपा मात्र कधीही धुवायचा नाही, काळा पडला की बदलायचा.

कबुतरांचं बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटवर, डक्टमधे, बाल्कनीत विष्ठा साचली असेल तर ती कोरडी झाडू नका. पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग काढा, आणि नंतर तिथे जाळी बसवून घ्या. २०२५ मधे दादरच्या कबुतरखान्यावरून बरेच वाद झाले, पण छातीचे डॉक्टर कबुतरांच्या विष्ठा-पिसांमुळे फुप्फुसाला येणाऱ्या सुजेबद्दल त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते, आणि ती सूज जुनी झाली की फुप्फुस पूर्ववत होत नाही. घरात कोणाला महिनोन्महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप असेल तर डॉक्टरांकडे जाताना खिडकीत कबुतरं बसतात हे आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.